रक्ताला वळण नसतं

बाई कुणाला भेटल्या की नमस्कार घ्यायच्या आधी त्याची खालची पापणी ओढून बघत. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, सब्जीमंडीत, कुठंही. समोरचा पाया पडायला वाकला की हनुवटी धरून त्याला वर उचलायचं, अंगठ्यानं पापणी खाली करायची, आतला रंग बघायचा आणि मग म्हणायचं, "पालक खा," नाहीतर "झोप घे," नाहीतर नुसतंच "हं." त्यांच्या भाचीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची पापणी वरमाला पडायच्या आधी ओढली. वरपक्ष इंदूरचा, हिंदीभाषक. नवरदेवाच्या मामांनी घाबरून विचारलं, "ये क्या रस्म है जी?" आमच्याकडच्या कुणीतरी बेधडक सांगून टाकलं, "महाराष्ट्रियन लोगों में होता है." मामांचं समाधान झालं. त्यांनी आपलाही चेहरा पुढं केला.

हे मी आधी सांगते आहे, कारण गंमत सांगायला सोपी असते. ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट पुढं येईल. या वेळी टाळणार नाही. आतापर्यंत फार टाळलं.

उज्जैनला फ्रीगंजात, टावर चौकापासून चार दुकानं सोडून, पहिल्या मजल्यावर बाईंची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. मराठी लोक त्यांना बाई म्हणत, बाकीचं गाव मैडम. लग्न केलेलं नव्हतं. पांढरी सुती साडी, पायात शाळेतल्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला शबनम पिशवी. मोपेड चालवायच्या, पण हॉर्न वाजवायच्या नाहीत. "हटो भैया" असं तोंडानंच ओरडायच्या. म्हणायच्या, हॉर्नला कुणी माणूस समजत नाही. मी एम.एस्सी. होऊन त्यांच्याकडे लागले तेव्हा बाजारात रोज नवं काहीतरी येत होतं: रंगीत टीव्ही, बाटलीतलं पाणी, परदेशी साबण. टावर चौकात तर दर दोन दुकानांआड पिवळी एसटीडी-आयएसडीची पाटी लागली होती. जग आपल्या गल्लीत आलंय असं सगळ्यांना वाटायचे ते दिवस. बाईंना मात्र उलटं वाटायचं. त्यांना आमची गल्ली जगात न्यायची होती.

संधीही आली. बाहेरच्या एका विद्यापीठानं बऱ्याच देशांतल्या माणसांची तब्येत एकमेकांशेजारी ठेवून बघायचं काम काढलं होतं. त्याचं दिल्लीला कार्यालय होतं आणि दिल्लीनं मध्य भारतासाठी बाईंची लॅब निवडली होती. आधीच्या फेरीत त्यांनी लोकांना नुसतं विचारलं होतं: तुमची तब्येत कशी आहे? फार चांगली, चांगली, बरी, वाईट, फार वाईट. त्यात म्हणे आमचं उज्जैन भल्याभल्या श्रीमंत देशांच्या पुढं निघालं.

बाई हे सांगताना हसून हसून खोकत. "अगं, निघणारच! इथं दमेकरी म्हातारा पायरीवर बसून धापा टाकतो, आणि विचारलं की म्हणतो, 'बाबा महाकाल की कृपा है, एकदम बढ़िया.' आणि तिकडं बर्फाच्या देशात बत्तीस दात शाबूत असलेला गडी सांगतो, तब्येत वाईट आहे, हल्ली उदास वाटतं. कशी करणार तुलना, सांग? माणूस बोलतो ते त्याच्या आईनं शिकवलेलं असतं. रक्ताला वळण नसतं. रक्ताला कुणी सांगितलेलं नसतं की पाहुण्यांपुढं रडगाणं गाऊ नये."

म्हणून या फेरीत विचारणं बंद आणि मोजणं सुरू. रक्तातलं लोह, साखर, चरबी, रक्तदाब, उंची, वजन, मुठीची ताकद. सगळ्या देशांत एकाच पद्धतीनं. मुठीसाठी एक दांड्याचं यंत्र आलं होतं, ते जिवाच्या आकांतानं दाबायचं. बायका लाजून दाबतच नसत. मग बाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणत, "सास की गर्दन समझो." काटा असा उडायचा की काय सांगू!

"विचारू नको, बघ." हे त्यांचं दिवसातून अनेकदा. मी एकदा कंटाळून म्हटलं, "बाई, पण कधीकधी विचारलं की माणसाला बरं वाटतं." त्यावर त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. म्हणाल्या, "माझी आई शेवटपर्यंत म्हणत होती, मी बरी आहे. देवासला आमचं घर. रोज सगळे विचारायचे, कशी आहेस? ती म्हणायची, बरी आहे. पांढरी पडत पडत गेली. एकानंही तिची पापणी ओढून बघितली नाही." आणि लगेच, "चल, सुया उकळायच्या तर नाहीत ना आता, डिस्पोजेबल आल्यात. बसू नको नुसती."

वीज हा आमचा मोठा शत्रू. उन्हाळ्यात तास न् तास जायची. नमुने तर गोठलेलेच राहायला हवेत. टावर चौकात एका सेठजींचं आइस्क्रीमचं दुकान होतं, त्यांच्याकडे जनरेटर होता. बाई सरळ जाऊन उभ्या राहिल्या. मी मागं पेटी धरून.

"सेठजी, आपके डीप फ्रीज का एक खाना चाहिए."

"किस चीज़ के लिए, मैडम?"

"खून."

सेठजींच्या हातातला स्कूप तसाच राहिला. वैष्णव माणूस, कांदासुद्धा न खाणारा. "मैडम, मेरे यहाँ तो अंडे का केक भी नहीं रखते."

"व्रत रखनेवाली सुहागनों का खून है, सेठजी. इससे शुद्ध आपकी मलाई भी नहीं."

सेठजींनी खालचा खण रिकामा करून दिला. वर स्वस्तिक काढलं आणि रोज सकाळी त्या फ्रीजला उदबत्ती ओवाळू लागले. बाईंना हे फार आवडलं. "बघ, दुनियेत कुठल्या सेंटरच्या नमुन्यांची आरती होत असेल?"

व्रत रखनेवाली. हा शब्द बाईंच्या तोंडी माझ्यामुळं आला होता.

झालं असं की सुरुवातीला बायका येतच नव्हत्या. रक्त द्यायचं म्हटलं की दारं बंद. बाईंनी मला सांगितलं होतं, "घरोघर द्यायला हिंदीत एक चिठ्ठी छापून घे. सकाळी उपाशीपोटी या, असं लिही." मी घरी बसून लिहायला घेतलं. 'भूखे पेट' लिहिलं. आई मागून वाचत होती. म्हणाली, "अगं, सवाष्ण बाईला कुणी भुकेली ये म्हणून बोलावणं पाठवतं का? काहीतरी चांगला शब्द घाल." मलाही ते पटलं. 'खाली पेट' दवाखान्यासारखं वाटलं. मग उपाशीवरून मला उपास सुचला, आणि उपासावरून मी झोकात लिहिलं: 'कृपया उपवास रखकर पधारें.'

त्या एका ओळीनं मोहल्लेच्या मोहल्ले उघडले. उपवास म्हटल्यावर बायकांना ते आपलं काम वाटलं. सोमवारी, एकादशीला तर रांग लागायची. न्हाऊन, चांगल्या साड्या नेसून, कुंकू लावून यायच्या. रक्त देऊन झाल्यावर काहीजणी सुईला हात जोडायच्या. बाईंनी दिल्लीला कळवलं की आमच्याइतकी हजेरी कुठंच नसेल आणि याचं श्रेय माझ्या सहायिकेच्या भाषेच्या जाणकारीला आहे. जो निबंध पुढं छापला जाणार होता त्यात माझं नाव घालायचं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या बाबांनी रेल्वे कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं. मी टेबलाशी बसून प्रत्येकीला विचारायचे, "उपवास है?" ती अभिमानानं म्हणायची, "हाँ." मी खूण करायचे.

वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. आमच्याही घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस व्हायचा. तरी नाही आलं.

काम संपत आलं होतं तेव्हा एक पंडिताइन आल्या, रामघाटाकडच्या एका पुजाऱ्यांच्या पत्नी. थोराड, हसऱ्या. टेबलाशी बसता बसता म्हणाल्या, "बेटा, ज़रा जल्दी कर दो, घर जाके पानी पिऊँगी. साबूदाना गले में चिपक रहा है."

मी वर बघितलं. "काकीजी, आपका तो उपवास है ना?"

"है ना. इसीलिए तो फरियाली खाके आई हूँ."

आमच्या माळव्यात उपासाला चालणाऱ्या सगळ्या खाण्याला फरियाली म्हणतात. मी हळूच मागच्या बाकावरच्या बायकांना विचारलं. खिचडी, राजगिऱ्याचा शिरा, तुपात परतलेले बटाटे, मूठभर शेंगदाणे, गिलासभर दूध. पहाटे पूजा आटपून सगळ्या व्यवस्थित जेवून आलेल्या. एकजण हसत म्हणाली, "उपवास में कोई भूखा थोड़ी मरता है, दीदी!"

तेव्हा आत बाई एक नळी खिडकीच्या उजेडात धरून उभ्या होत्या. बरेच दिवस त्या असं उभं राहून बघत. रक्तातल्या लाल पेशी खाली बसल्या की वर जे पिवळसर पाणी उरतं ते आमच्या नळ्यांत दुधाळ दिसायचं, पातळ ताकासारखं. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचं तसं दिसत नाही. बाईंनी त्यावर मोठा विचार केला होता. त्यांना वाटत होतं की पिढ्यान् पिढ्या उपास करणाऱ्या बायकांचं शरीर वेगळं झालंय, उपाशी असतानाही ते चरबी रक्तात सोडून ठेवतं. हे जगात कुणी बघितलेलं नाही. त्या मला बोलावून म्हणाल्या, "हे बघ. आपलं उज्जैन सगळ्या देशांच्या रांगेत बसणार आणि कुणासारखंच दिसणार नाही."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. बाहेर पंडिताइन बसलेल्या होत्या. तोंडात शब्दही होते. मी म्हटलं, "हो, बाई. सुंदर दिसतंय."

का, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. नाव छापून येणार होतं म्हणून. बाबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून. बाई रागावतील म्हणून नाही. त्या खुशीत होत्या म्हणून. यातलं कुठलंही कारण मोठं नाही. सगळी मिळूनही मोठी होत नाहीत.

नंतर दिल्लीच्या कार्यालयातल्या माणसामार्फत बाहेरून चौकशी आली की उज्जैनचे आकडे जुळत नाहीत, फोनवर बोला. फोन टावर चौकातल्या बूथमधून करायचा. काचेची खोली, आत एक स्टूल आणि पंखा. बाईंनी मला सोबत घेतलं, आकडे सांगायला. लाइन खराब होती. पलीकडचा, बाहेरच्या विद्यापीठातला माणूस बहुधा तेच तेच विचारत होता. बाईंचा आवाज चढत गेला.

"येस, फास्टिंग! ... फास्टिंग, सर! ... माय डियर सर, धिस इज उज्जैन! आवर विमेन कॅन टीच फास्टिंग टू द होल वर्ल्ड!"

बाहेर चाटवाल्यानं तवा वाजवायचा थांबवला. दोन-चार लोक काचेला नाक लावून बघायला लागले. बाईंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "सगळ्या उपाशी होत्या ना गं? तू स्वतः विचारायचीस ना प्रत्येकीला?"

आयुष्यभर विचारू नको, बघ, म्हणणारी बाई मला विचारत होती. आणि मी म्हटलं, "हो, बाई. प्रत्येकीला विचारलंय."

ते खोटंसुद्धा नव्हतं. म्हणूनच ते जास्त टोचतं.

फॅक्स आला तो त्याच बूथवर. उज्जैनचे नमुने तुलनेतून वगळण्यात येत आहेत, नमुने घेण्याच्या पद्धतीबद्दल शंका आहे. एवढंच. गावात मात्र त्याचं फार झालं. मैडमनी घरी बसून आकडे भरले, कुणाचं रक्त कुणाच्या नावावर घातलं, असं बोललं जाऊ लागलं. एका समारंभात एक प्राध्यापक चारचौघांत म्हणाले, "बाई, त्या बायका खरंच उपाशी होत्या की नुसत्या कागदावर?" बाईंनी शबनम खांद्याला लावली आणि निघाल्या. एरवी त्यांनी प्राध्यापकांची पापणी ओढून काहीतरी ऐकवलं असतं.

सेठजींकडे जाऊन त्यांनी आपल्या शिल्लक नळ्या परत आणल्या. सेठजींनी विचारलं, "क्या हुआ मैडम, पास नहीं हुए?" बाई म्हणाल्या, "नहीं, सेठजी. फ्रीज का कोई दोष नहीं."

त्यानंतर लॅब चालत राहिली, पण बाईंनी पापण्या ओढणं सोडलं. कुणी भेटलं की नमस्कार घ्यायच्या आणि विचारायच्या, "कसे आहात?" सगळे म्हणायचे, बरे आहोत. त्या मान डोलवायच्या. लोकांना वाटलं, वयानं निवळल्या. मी रोज ते बघत होते. वर्षभरात पुण्यात नोकरी धरली आणि निघून गेले. निघताना पाया पडले तर म्हणाल्या, "कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे, बाई."

पुढं मी पुष्कळ वेळा उज्जैनला गेले. सणावारी, लग्नकार्याला. फ्रीगंजातून जाताना रिक्षा दुसऱ्या गल्लीनं घ्यायला सांगायचे. आई गेली, बाबा गेले. माझी स्वतःची पन्नाशी उलटली. मागच्या खेपेला रिक्षावाला नवा होता. मी काही बोलायच्या आत त्यानं रिक्षा सरळ टावर चौकातून काढली. लॅबची पाटी नव्हती, पण वरच्या खिडकीत पांढरी साडी वाळत होती. मी उतरले.

बाई खाटेवर बसून होत्या. फार लहान झालेल्या. कॅनव्हासचे बूट खाटेखाली, खडू लावून पांढरे केलेले. त्यांना सांभाळणारी बाई पाणी ठेवून आत गेली. बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "कशी आहेस?"

"बरी आहे," म्हटलं. मग जे आलं ते सलग आलं. चिठ्ठी, आईचं बोलणं, उपाशीचा उपास, पंडिताइन, सगळं. बाई ऐकत होत्या.

"साबुदाणा?" त्या म्हणाल्या.

"हो."

"दाण्याचं कूट घालून?"

"हो."

"तूप?"

"भरपूर, बाई."

"म्हणून दुधाळ होतं." त्यांनी डोळे मिटले. ती नळी त्यांना अजून दिसत असणार. "अगं, म्हणजे रक्तानं मला सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं की ही बाई आत्ता जेवून आलीय. आणि मी त्याला म्हटलं, गप्प बैस, हिचा उपास आहे." त्या हसायला लागल्या, मग हसता हसता खोकल्या. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"आणि त्या बूथमध्ये तू माझ्या शेजारी उभी होतीस."

"हो."

"मी ओरडत होते."

"हो, बाई."

"सगळ्या चौकाला ऐकू जात होतं."

मी मान खाली घातली. बाई खिडकीकडे वळून बसल्या. त्या मला माफ करतील म्हणून मी गेले नव्हते, असं इथं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यासाठीच गेले होते. पण तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या ते एवढंच, "दिल्लीतला तो माणूस गेला. बाहेरचाही कधीच गेला असेल. आता हे कुणाला कळवायचं गं?"

मी उठले. पाया पडायला वाकले, तेव्हा हनुवटीला बोटं लागली. थंड, हाडकुळी. त्यांनी मला वर उचललं. अंगठा गालावर चाचपडत राहिला, मग सापडला. त्यांनी माझी पापणी खाली ओढली आणि खिडकीच्या उजेडाकडे माझं तोंड वळवून निरखून बघितलं.

"बरी आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "अगदी पांढरीफटक आहेस. उद्या सकाळी ये, रक्त काढू."

"येते, बाई."

मी जिन्याच्या निम्म्यात होते तेव्हा वरून आवाज आला, जुना, सगळ्या चौकाला ऐकू जाणारा:

"आणि उपाशी ये! उपास करून नको!"